सरासरी प्रेक्षक, इयत्ता पहिली

वाहिनीचे सरासरी प्रेक्षक श्री. भालचंद्र नाईकवडे दर सोमवारी एक इयत्ता खाली उतरत, आणि त्यांच्या मागोमाग बातम्याही उतरत. नेमणूक झाली तेव्हा ते बी.एस्सी. होते. कार्यक्रम बघायचा, कागदावर 'समजले' असं लिहायचं, मगच तो लागायचा, एवढंच त्यांचं काम. पण माणूस सोप्याला फार लवकर सरावतो. सोपं बघून नाईकवडे खाली येत, आणि पुढच्या आठवड्यात कार्यक्रमाला त्यांच्याही खाली जावं लागे. यात कुणाची लबाडी नव्हती. नियमच तसा होता.

'सखोल' हा कार्यक्रम विद्याधर ओगल्यांचा. चोवीस वर्षं ते त्याच खुर्चीत होते. नाव अजून 'सखोल'च होतं. वेळ तेवढी अर्ध्या तासावरून एका मिनिटावर आली होती. ओगल्यांच्या जिवाला एकच घोर लागला होता, तो म्हणजे कासारवेढ्याचं पाणी. रंगाच्या कारखान्याचं सांडपाणी गावाच्या विहिरीत झिरपत होतं, विहिरीतून नळाला येत होतं आणि धडधाकट माणसं मूत्रपिंड निकामी होऊन मरत होती.

हे पाणी तपासलं होतं खुद्द नाईकवड्यांनी. ते कासारवेढ्याचेच. बी.एस्सी. असताना एका दुपारी ते आकडे घेऊन ओगल्यांकडे आले होते. "साहेब, हे दाखवा. माझी बायको हेच पाणी पिते," असं म्हणताना त्यांचा आवाज कापत होता. तो आवाज ओगल्यांच्या कानातून कधी गेला नाही.

ओगल्यांनी कार्यक्रम तयार केला, तोवर नाईकवडे बारावीत आले होते. बारावीचा केला, तर ते अकरावीत. ओगल्यांनी हाडाची काडं केली, पण दरवेळी ते एका इयत्तेने मागेच राहिले. सहावीत असताना नाईकवड्यांनी आपल्याच आकड्यांचा कागद उलटा धरला आणि त्याची होडी केली. त्या दिवशी ओगल्यांना डबा गेला नाही.

आता नाईकवडे पहिलीत होते. याच्याखाली बालवाडी, आणि बालवाडीत अक्षर नाही.

"बिनकाना-मात्रेचं काय असेल ते द्या," कार्यक्रमप्रमुख केतकी रांगणेकर म्हणाल्या. त्यांचं ओगल्यांशी वैर नव्हतं.

"फक्त 'पाणी पिऊ नका' एवढंच म्हणतो, बाई."

"'पाणी'ला काना आहे, वेलांटी आहे. 'नका'लाही काना आहे. मी कशी परवानगी देऊ?"

ओगले कागद घेऊन बसले. नको, नाही, नये, नका. मराठीत मनाई करायची तर काना-मात्रा लागतेच, हे त्यांना त्या दिवशी कळलं. शेवटी त्यांनी 'जल न भर' असं लिहून नाईकवड्यांपुढे ठेवलं. नाईकवड्यांनी अक्षरावर बोट ठेवून वाचलं, जरा थांबले, मग लाडात येऊन म्हणाले, "भर न. जल भर न."

"उलटा अर्थ होतोय," बाई म्हणाल्या आणि त्यावर काट मारली.

संध्याकाळी पाचच्या सुमारास ओगल्यांना तो शब्द सापडला. 'जहर'. ना काना, ना मात्रा. 'नळ बघ. जल जहर.' नाईकवड्यांनी ते एका दमात वाचलं, अडखळले नाहीत, एकही प्रश्न विचारला नाही. खाली त्यांनी 'समज' असं लिहिलं. 'समजले' त्यांना आता येत नव्हतं, आणि कार्यालयाने 'समज' चालवून घेतलं होतं.

साडेसातला ते पडद्यावर लागलं, मिनिटभर, मोठ्या अक्षरांत. ओगले एकटेच खोलीत बसून बघत होते. त्यांना रडू आवरेना. सांगितलं एकदाचं.

दुसऱ्या दिवशी नाईकवड्यांना त्यांची बायको कुसुमताई घेऊन आल्या. एसटीवरची पाटी आता नाईकवड्यांना वाचता येत नसे. कासारवेढ्यात काना-मात्रा फार. कुसुमताईंच्या पिशवीत डबा होता आणि घरून भरून आणलेली पाण्याची बाटली.

"वहिनी, काल पाहिलंत ना?" ओगल्यांनी विचारलं.

"पाहिलं की. सगळ्या गावाने पाहिलं," कुसुमताई हसल्या. "कित्ती दिवसांनी तुमचा कार्यक्रम कळला, भाऊजी. आमच्या आळीत सगळ्यांना पाठ झालाय. सकाळी नळावर बाया तेच म्हणत होत्या."

"नळावर?"

"पाणी भरताना."

नाईकवड्यांनी बाटलीचं झाकण उघडलं. ओगल्यांनी झटकन तिच्या तोंडावर हात ठेवला. "पिऊ नका."

"का?" कुसुमताईंनी विचारलं. अगदी सरळ विचारलं, त्यात राग नव्हता. ओगल्यांनी तोंड उघडलं. याचं उत्तर बारावीत होतं, दहावीतही थोडंफार होतं. त्यातलं एकही वाक्य आता त्यांना आठवेना.

"जल," ओगले म्हणाले, "जहर."

"जहर," दोघं एकदम म्हणाली. अगदी बरोबर म्हणाली. नाईकवड्यांनी ओगल्यांचा हात हलकेच बाजूला केला, पोटभर पाणी प्यायले, बाहीने तोंड पुसलं आणि टेबलावरच्या पुढच्या कागदाखाली जपून, ओळ न सोडता लिहिलं: समज.