सहभागी क्रमांक दोन हजार तीनशे एक

कोणत्याही गावाची प्रगती त्या गावात किती लोक राहतात यावरून मोजायची नसते. त्या गावातून किती लोक न थांबता निघून जातात यावरून मोजायची असते. हे सत्य या गावाला फार उशिरा उमगलं. इतकी वर्षं गाव आपलं गपगुमान वसलेलं होतं, आणि त्यात काही कमीपणा आहे असं कुणाच्या डोक्यातही आलं नव्हतं. मग एके दिवशी नगरपालिकेत पत्र आलं. रात्रभर चालणारी एक मोठी सायकल फेरी निघणार आहे, तीत दोन हजार तीनशे सायकलस्वार आहेत, आणि ते पहाटे तीन ते सहाच्या दरम्यान गावाच्या मुख्य रस्त्यावरून पुढे जातील. पत्राच्या शेवटी 'आपल्या सहकार्याची अपेक्षा आहे' असं वाक्य होतं. या गावाकडून आजवर कुणी कसलीच अपेक्षा केली नव्हती. ते वाक्य अध्यक्षांनी उभं राहून तीनदा वाचून दाखवलं (इतिवृत्तात तशी नोंद आहे, वेळेसकट).

लगेच एकेचाळीस जणांची स्वागत समिती नेमण्यात आली. त्यातल्या एकानेही गेल्या वीस वर्षांत सायकलला पाय लावलेला नव्हता, त्यामुळे समिती पूर्णपणे निःपक्षपाती होती.

समितीने पहिल्याच बैठकीत रस्त्याचा प्रश्न धसास लावला. मुख्य रस्त्यावर चारशे बारा खड्डे निघाले. ते बुजवायचे तर तांत्रिक मंजुरी लागते आणि मंजुरीला आठ महिने लागतात. फेरी तर पाच आठवड्यांवर आलेली. तेव्हा प्रत्येक खड्ड्याभोवती पांढरं वर्तुळ काढून त्याला क्रमांक द्यावा असं ठरलं. खड्डे होते तेवढेच राहिले, पण शिस्तीत आले. एकशे अठ्ठ्याऐंशी क्रमांकाच्या खड्ड्यात पडलेल्या पाहुण्याला आपण नेमके कुठे पडलो हे घरी फोन करून सांगता येईल, ही सोय भल्याभल्या शहरांत नाही.

मग कुत्री. रात्री सायकलमागे कुत्रं लागू नये यासाठी ते रात्री झोपलेलं असावं, आणि रात्री झोपावं यासाठी ते दिवसा जागं असावं, हे कुणालाही पटेल. म्हणून फेरीच्या आधीचे तीन दिवस बँडपथकाने दुपारभर गल्लीबोळांतून वाजवत फिरावं असा ठराव झाला. कुत्री दोनशे चौदा होती. ती तिन्ही दिवस जागी राहिली. त्यांच्याबरोबर गावही जागं राहिलं, पण त्याला समितीचा इलाज नव्हता.

टाळ्यांचं वेळापत्रक स्वतंत्र छापलं होतं. प्रभागवार अर्धा-अर्धा तास टाळ्या. साठीच्या वरच्यांना आळीपाळीने. तान्ह्या मुलांच्या आयांना सूट (अर्ज केल्यास). रस्त्याच्या दोन्ही कडांना दर पन्नास पावलांवर एक स्वयंसेवक. स्वयंसेवकांसाठी अकरा सूचना होत्या, त्यांतली सातवी अशी: 'एखादा सायकलस्वार थांबल्यास तो दमला आहे असे समजावे व त्याच्या पाठीवर हात ठेवून, उत्तेजनपर शब्द बोलत, त्यास पुढे लोटावे.' वेशीवर आत येणारे मोजायला एक आणि बाहेर जाणारे मोजायला एक अशी दोन माणसं बसवली होती. जितके आत तितके बाहेर, हा गावाच्या अब्रूचा प्रश्न होता.

आणि सर्वांत शेवटी, कुणाच्या तरी लक्षात आलं की गावातही सायकली आहेत.

मोजल्या तेव्हा तीनशे अठरा भरल्या. समिती हबकली. कुणी दूध घालायचं, कुणी पेपर टाकायचं, कुणी कामावर जायचं, आणि ही सगळी मंडळी पहाटेच बाहेर पडणारी. ती पाहुण्यांत मिसळली तर? अंधारात पाहुणा कोण आणि आपला कोण हे ओळखायचं कसं? दूधवाल्याला चुकून टाळ्या पडल्या तर त्या वाया गेल्या. पाहुण्यांसाठी ठेवलेलं केळं चुकून पेपरवाल्याला गेलं तर पाहुणा उपाशी राहिला. शिवाय हौसेने सायकल चालवणाऱ्याच्या शेजारून गरजेपोटी चालवणारा गेला की हौसेची सगळी मजाच जाते. तेव्हा सर्वानुमते ठरलं: सायकल फेरीच्या रात्री संध्याकाळी सहा ते सकाळी नऊ गावात सायकलबंदी. फक्त नोंदणीकृत सहभागी सोडून.

या ठरावाची प्रत सूचना फलकावर लागली, आणि ती वाचून चावीवाल्याच्या पायाखालची जमीन सरकली.

चावीवाला म्हणजे नगरपालिकेचा पाणी सोडणारा माणूस. मुख्य रस्त्याच्या कडेने अकरा चेंबर आहेत. प्रत्येकात एक व्हॉल्व्ह. पहाटे चारला पहिल्या चेंबरचं झाकण उचलायचं, चार फुटी लोखंडी चावी आत घालून व्हॉल्व्ह फिरवायचा, पुढच्या चेंबरकडे जायचं, पाऊण तासाने मागे येऊन पहिला बंद करायचा. असं पुढेमागे करत अकरा भागांना पाणी. रोजचा चौदा किलोमीटरचा फेरा होतो. चावी सायकलच्या दांडीला दोन ठिकाणी दोरीने बांधलेली. सायकल नसेल तर तिसऱ्या चेंबरपर्यंत पोचेतो पहिल्या भागात पूर आणि अकराव्यात टिपूसभर पाणी नाही.

हे काम तो एकोणीस वर्षं करत होता, रोजंदारीवर. रोजंदारीच्या माणसाला सुट्टी नसते, कारण पाणी रविवारीही लागतं. एकोणीस वर्षांत नवरा-बायको दोघं मिळून लेकीच्या घरी एकदाही मुक्कामाला गेली नव्हती. नात तीन वर्षांची झाली होती, आणि आजोबा म्हणजे फोनमधून येणारा एक आवाज अशी तिची समजूत होती.

पण आता कायम होण्याचा योग आला होता. अट एकच: सलग वर्षभरात त्याच्याविरुद्ध एकही लेखी तक्रार नको. तीनशे चौसष्ट दिवस निरंक गेले होते. तीनशे पासष्टावा दिवस फेरीचा. सोमवारी आदेशावर सही, आणि मंगळवारी आयुष्यातली पहिली रजा. बायकोने पिशवी भरून दाराशी ठेवलीसुद्धा होती. येता-जाता तो त्या पिशवीकडे बघायचा आणि उगाचच खुशीत यायचा.

तो हेडक्लार्ककडे गेला. हेडक्लार्क माणूस चांगला होता. कायम करण्याचा प्रस्ताव त्यानेच लिहिला होता, आणि सायकलबंदीचा ठरावही त्यानेच लिहिला होता. दोन्हीकडे अक्षर सारखंच सुंदर.

"साहेब, मला तेवढी सूट द्या," चावीवाला म्हणाला. "मी पाणी सोडणार कसा?"

"सूट कशी देऊ? एकाला दिली की दूधवाला दारात उभा."

"मग पाणी बंद ठेवायचं का?"

"तसाही ठराव नाही," हेडक्लार्क म्हणाला आणि फेरीची फाईल पुन्हा चाळू लागला. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी त्याची अवस्था झाली. मग त्याचा चेहरा उजळला. फेरीच्या आयोजकांनी गावाला एक मानाची जागा दिली होती, 'स्थानिक खेळाडू' म्हणून. गावात खेळाडू नव्हता, म्हणून जागा रिकामी पडून होती. सहभागी झालास की सायकलबंदी तुला लागू नाही, आणि सहभागी माणसाने वाटेत पाणी सोडू नये असं नियमात कुठेही म्हटलेलं नाही, हे त्याने चावीवाल्याला दोनदा समजावून सांगितलं.

अशा रीतीने गावच्या पाण्याची व्यवस्था चालू राहावी म्हणून चावीवाला गावचा खेळाडू झाला. त्याला क्रमांक मिळाला दोन हजार तीनशे एक. पिवळंधमक जाकीट मिळालं, हेल्मेट मिळालं, पाठीमागे लुकलुकणारा लाल दिवा मिळाला. बायकोने त्याला नखशिखांत न्याहाळलं.

"एकोणीस वर्षं चालवताय," ती म्हणाली, "कुणी घोटभर पाणी विचारलं नाही. आता केळंही देतील बघा."

त्याने चावी दांडीला नेहमीसारखी बांधली आणि पावणेचारला बाहेर पडला.

रस्ता दिव्यांनी फुलला होता. पाहुणे सपासप येत होते, गाव टाळ्या वाजवत होतं. चावीवाला कडेकडेने पहिल्या चेंबरपाशी आला, खाली उतरला, सायकल दिव्याच्या खांबाला टेकवली आणि दोरीची गाठ सोडायला वाकला. तेवढ्यात पाठीवर हात पडला.

"थांबू नका, थोडंच राहिलंय!" तिथला स्वयंसेवक, औषधाचा दुकानदार, उत्तेजनपर शब्द बोलला.

"अहो, मी आपलाच आहे. चावीवाला. पाणी सोडायला आलोय."

दुकानदाराने त्याच्याकडे निरखून पाहिलं. त्याच्याच घरासमोर हे चेंबर, आणि एकोणीस वर्षं याच माणसाने तिथे पाणी सोडलेलं. पण दुकानदाराने त्याला पाहिलं असलंच तर खिडकीतून, अंधारात, पाठमोरं आणि वाकलेलं. असा ताठ उभा, पिवळ्या जाकिटातला माणूस त्याच्या ओळखीचा नव्हता. दमल्यावर माणसं भ्रमिष्टासारखी बोलतात असं स्वयंसेवकांच्या प्रशिक्षणात सांगितलेलंच होतं. त्याने एक बाटली चावीवाल्याच्या डोक्यावर रिकामी केली, दुसऱ्या स्वयंसेवकाला हाक मारली, आणि दोघांनी मिळून त्याला सायकलवर बसवून सातव्या सूचनेप्रमाणे लोटून दिलं.

दुसऱ्या चेंबरपाशी तेच. तिसऱ्याला त्याने झाकणावर पाय रोवून पाहिला, तर चौघांनी त्याला उचललं. चौथ्याला तो ओरडला, तेव्हा त्याचा ऊर भरून आलाय असं समजून बायकांनी अजून जोरात टाळ्या वाजवल्या. पाचव्याला केळं मिळालं. त्याच्या नाकी नऊ आले होते. दाराशी ठेवलेली पिशवी आणि नात डोळ्यांपुढे येत होती, आणि मागून हात पुढे लोटत होते.

सातव्या चेंबरनंतर मात्र काहीतरी झालं. खोटं कशाला बोला, त्याला ते आवडायला लागलं. दोन्ही बाजूंनी लोक उभे होते, आणि ते त्याच्यासाठी उभे होते. 'शाब्बास' हा शब्द त्याने स्वतःच्या नावे यापूर्वी कधी ऐकलेला नव्हता. आठव्याला तो हळू झाला, पण उतरला नाही. नवव्या चेंबरपाशी तो थांबलाच नाही. दहाव्याला त्याने एक हात सोडून लोकांना हलवून दाखवला. त्या अर्ध्या मिनिटात तो इतका सुखात होता की अकरावं चेंबर कधी गेलं ते त्याला कळलंच नाही.

वेशीवरच्या माणसाने 'दोन हजार तीनशे एक' असं मोठ्याने वाचून खूण केली. तिथे चावीवाला भानावर आला आणि सायकल मागे वळवू लागला. पोलिसाने काठी आडवी धरली. फेरी पूर्ण जाईतो उलट दिशेने प्रवेश नाही. मागचा रस्ता खुला होतो सहा वाजता, पण तोवर मागून येणाऱ्या लोंढ्याने त्याला पुढच्या गावापर्यंत नेलेलं होतं. तिथल्या गावानेही टाळ्या वाजवल्या. (तिथेही सातवी सूचना होती, असं दिसतं.)

तो परतला तेव्हा सकाळचे नऊ वाजले होते. गावात थेंबभर पाणी आलेलं नव्हतं.

तक्रारीचं काम गावाने अत्यंत शिस्तीने पार पाडलं. सगळे जागेच होते, घामेजलेले होते, आणि टेबलं, खुर्च्या, पेनं रस्त्यावर मांडलेलीच होती. पाहुण्यांच्या अभिप्रायासाठी ठेवलेल्या वहीची उरलेली पानं कामी आली. औषधाच्या दुकानदाराने मजकूर सांगितला: 'संबंधित कर्मचारी आज कामावर फिरकलाच नाही.' ज्या हातांनी पहाटे टाळ्या वाजवल्या, त्याच हातांनी साडेआठपर्यंत एक हजार एकशे चौसष्ट सह्या झाल्या. टाळ्यांमुळे तळवे सुजले होते, तरी कुणी मागे हटलं नाही.

सोमवारी नगरपालिकेत दोन विषय आले. पहिल्यात, संपूर्ण गाव एकदाही न थांबता पार करणाऱ्या स्थानिक खेळाडूचं अभिनंदन करून त्याचा फोटो सभागृहात लावण्याचं ठरलं. दुसऱ्यात, पाणी न सोडणाऱ्या चावीवाल्याचा प्रस्ताव परत करून त्याचं वर्ष पहिल्या दिवसापासून नव्याने मोजण्याचं ठरलं. दोन्ही ठराव एकमताने मंजूर झाले, आणि दोन्ही माणसं एकच आहेत अशी शंका सभागृहात कुणालाही आली नाही. हेडक्लार्कला माहीत होतं. पण त्याने ते इतिवृत्तात लिहायचं तर आधी कुणीतरी ते बोलायला हवं होतं. त्याने दुसरा ठराव लिहिताना दोनदा चष्मा पुसला.

बायकोने पिशवीतले कपडे काढून परत फळीवर ठेवले. नातीला फोन लावला तेव्हा चावीवाल्याने तिला फेरीत मिळालेल्या केळ्याची गोष्ट सांगितली. रडू येत होतं आणि पोरीला ते कळू द्यायचं नव्हतं. मंगळवारी पहाटे चारला तो पहिल्या चेंबरपाशी वाकलेला होता. पाणी वेळेवर आलं. दुकानदाराने खिडकीतून पाहिलं, एक पाठ दिसली, त्याचं समाधान झालं.

हे वाचून तुम्हाला त्या गावाचा संताप आला असेल. येणारच, तुम्ही सुसंस्कृत माणसं आहात. तुम्ही तिथे असता तर त्या वहीत सही केली नसती. प्रश्नच नाही. फक्त एक सांगा. आज सकाळी तुमच्याकडे पाणी आलं, ते सोडणाऱ्या माणसाचा चेहरा कसा आहे? (नाव विचारत नाही. चेहरा सांगा.)