लाल गाडी आणि अक्कलदाढ

कानामात्रांची अक्कलदाढ पहाटेपासून ठणकत होती. छापखान्यात दुसऱ्यांच्या चुका शोधण्यात त्यांची हयात गेली, म्हणून सहकाऱ्यांनी ठेवलेलं हे नाव. उजाडताच त्यांनी दाताच्या डॉक्टरीणबाईंना फोन लावला.

"बाई, जीव जातोय हो! दहा वाजेपर्यंत मी काही राहत नाही!"

"अहो काका, निघा तुम्ही. मीही घरून निघतेच."

गाल सांभाळत ते स्कूटरवरून निघाले. पहिल्याच वळणावर एका लाल गाडीने त्यांना असा काही कट मारला, की स्कूटर थेट भाजीच्या हातगाडीला जाऊन भिडली. चार-दोन टोमॅटो घरंगळले, भाजीवाली कडाडली. गाडी भुर्रकन पुढे! पण पुढच्या सिग्नलला ती अडकली आणि कानामात्रांनी मागून नंबरासकट फोटो टिपला.

दवाखान्याच्या बाकावर टेकताच त्यांनी तो गावच्या ग्रुपवर टाकला. "या माजोरड्या प्राण्याला कोणी ओळखतं का?"

मग काय विचारता! "लायसन्स काढून घ्या!" "तोंडाला काळं फासा!" वीस, पन्नास, तीनशे! प्रत्येक 'टुण'सरशी कानामात्रांची छाती इंचाइंचाने फुगत होती. दाढ ठणकायचीच विसरली.

"काका, आत चला," मदतनीस म्हणाली.

खुर्चीत आडवं केलं, सुई टोचली, अर्धं तोंड बधिर झालं. तेवढ्यात बाईंचा फोन वाजला.

"काय? आपल्या गाडीचा नंबर? कुठे?... अगंबाई!"

त्या वळल्या तेव्हा त्यांचे डोळे भरून आले होते.

"बघा ना काका, कुणीतरी माझ्या गाडीचा फोटो टाकलाय. लोकांनी दवाखान्याचा पत्ताही शोधला. एक म्हणतोय, दगड घेऊन जाऊ! चूक माझीच, मी नाही कुठे म्हणते? तुम्ही फोनवर एवढे विव्हळत होतात, मला घाई झाली. पण थांबवून चार शिव्या घातल्या असत्या, तर मुकाट्याने खाल्ल्या असत्या. हे असं चव्हाट्यावर मांडणं बरं का? तुम्हीच सांगा!"

एवढं बोलून त्यांनी पक्कड उचलली.

कानामात्रांच्या खिशात टुण, टुण, टुण चाललंच होतं. त्यांना दरदरून घाम फुटला.

"फोतो... मी... ताकला..."

"हो हो, थुंका हं. मोठा आ करा."

दाढ निघाली. तोंडात कापसाचा बोळा घेऊन त्यांनी आधी ग्रुपवरचा फोटो पुसून टाकला. लगेच ग्रुप त्यांच्यावरच उलटला. "घाबरलास?" "किती घेतलेस?" "हाही त्यातलाच! याचं घर कुठे आहे?"

त्यांनी फोन बंद केला, खुणेनेच कागद मागितला आणि लिहिलं, 'फोटो मीच टाकला होता. चुकलो. आता सगळ्यांना तसं लिहून कळवतो.'

बाईंनी चिठ्ठी वाचली. पुन्हा वाचली. मदतनीस श्वास रोखून पक्कडीकडे बघत राहिली.

"शेजारची दाढही किडलीय," बाई शांतपणे म्हणाल्या. "आज रात्री ठणकायला लागेल. सकाळी फोन करा."

कानामात्रांनी कृतज्ञतेने मान हलवली.

"मी मात्र अगदी सावकाश येणार, काका. तुम्ही कितीही विव्हळा."