अडुसष्ट अंश सर केले त्याची हकीकत

राजमान्य वाचकांचे सेवेसी दंडवत. शके एकोणीसशे अठरा, धाता नाम संवत्सर, पौष मास, इंग्रजी सन सत्त्याण्णवचा जानेवारी, ते समयी अमेरिका मुलखी, न्यू जर्सी प्रांती, एडिसन कसब्यात रोझहिल अपार्टमेंट नामे तीन मजली इमारत होती. तिच्या तळघरातील बॉयलर, जो समस्त बिऱ्हाडांस ऊब पुरवी, तो अकस्मात निमाला. मग चोवीस बिऱ्हाडांवर कैसा प्रसंग गुजरला आणि प्रणिताबाईसाहेब गजभिये यांणी तो कैसा निभावला, हे साद्यंत लिहिले ऐसे.

बाईसाहेब मूळच्या नागपूरच्या. तेथील कोर्टात सहा वर्षे वकिली करून नामांकित जाहल्या, आणि मग पती कुशलराव कंप्युटरच्या कामगिरीवर इकडे रवाना जाहले, तेव्हां कन्या मैत्रीस घेऊन पाठोपाठ आल्या. परंतु सरकारचा हुकूम ऐसा, की नोकरीचा व्हिसा नवऱ्याचा, बायकोने काम करू नये. सबब जी जबान न्यायाधीशांपुढे तासन्‌तास चाले, ती ओक ट्री रोडच्या देशी बाजारात भेंडी जून की कोवळी एवढ्यापुरती उरली. याचे शल्य बाईसाहेबांचे पोटात होते.

बॉयलर निमाला त्यास अकरा दिवस जाहले. तळमजल्यावरील कांताकाकू दोन स्वेटर, एक शाल आणि मुलाचा ओव्हरकोट ऐसे चिलखत चढवून पोळ्या लाटू लागल्या, आणि खोकल्याने हैराण जाहल्या. इमारतीचे मॅनेजर टकरसाहेब यांस फोन केला, तो जाब आला की तुम्ही गरम देशचे लोक, तुम्हांस थंडी अंमळ जास्तच वाजते.

हे ऐकोन बाईसाहेबांचे मस्तकी तिडीक गेली. त्यांणी मसलतीस बिऱ्हाडकरू जमविले. तेथे तिसऱ्या मजल्याचे मोरेश्वरराव, पुणेकर, पाच वर्षे ग्रीन कार्डाच्या रांगेत तिष्ठत असलेले, हात जोडोन म्हणाले, "वहिनी, कंप्लेंट नको. आपली फाइल आहे इमिग्रेशनमध्ये. कोणी रेड मार्क केला तर सगळं कॅन्सल! थंडी काय, मार्चमध्ये जाईलच."

"मार्चपर्यंत मी जाईन, त्याचं काय?" कांताकाकू खोकत पुसत्या जाहल्या. परंतु भय सर्वांचेच मनी होते, आणि मसलत मोडली.

मग बाईसाहेब, ड्रायव्हिंग लायसन्स नसल्याकारणे, दीड मैल बर्फ तुडवीत पायदळ पब्लिक लायब्ररीवर चालोन गेल्या. तीन दिवस ग्रंथांस वेढा घातला आणि भाडेकरूंचा कायदा पानोपान धुंडाळिला. त्यात निघाले ते ऐसे, की दिवसा घरात अडुसष्ट अंश फॅरनहाइट, म्हणजे आपले वीस अंश सेल्सियस, ऊब देणे मालकावर बंधनकारक. तक्रार केली म्हणोन सूड घेऊन कोणास काढिता येत नाही. आणि अवघ्या कायद्यात व्हिसा हा शब्द कोठेही नाही. हे तिसरे वाचोन बाईसाहेब लायब्ररीत मोठ्याने हसल्या, आणि लायब्रेरियनबाईंनी ओठांवर बोट ठेविले.

परतोन त्यांणी थर्मामीटर घेतला आणि घरोघर फिरोन अंश टिपिले. कोठे पन्नास, कोठे बावन्न. अर्ज लिहिला, तो पहिली सही कोणी करावी यावर पुन्हा गाडे अडले. तेव्हां बाईसाहेबांनी कागदावर ताटली उपडी ठेवोन वर्तुळ काढिले आणि फर्माविले, की सह्या गोल कराव्या, म्हणजे पहिला कोण आणि शेवटचा कोण हे ब्रह्मदेवासही कळणार नाही. ही युक्ती सर्वांस मानवली. तेवीस सह्या जाहल्या. मोरेश्वररावांनी मात्र दार उघडिले नाही.

अर्ज नगरपालिकेत दाखल होताच टकरसाहेबांचा खलिता आला, की सही करणारांनी महिन्यात जागा सोडावी. कुशलरावांचा चेहरा पांढरा पडला. ते म्हणाले, "प्रणिता, खरंच काढलं तर?"

"काढूनच दाखव म्हणावं. तेच कलम मला हवंय," बाईसाहेब म्हणाल्या, आणि कायद्याचे पान टकरसाहेबांच्या ऑफिसचे दारावर स्वहस्ते डकवोन आल्या. घरी येवोन मात्र दाराची कडी दोनदा तपासिली, हेही लिहिणे प्राप्त आहे.

चौथे रोजी नगरपालिकेच्या इन्स्पेक्टरबाई दाखल जाहल्या. टकरसाहेबांनी सकाळीच तळमजल्याच्या दोन रिकाम्या घरांत विजेचे हीटर पेटवोन ठेविले होते; तेथेच त्यांस नेले. आत चैत्र होता. इन्स्पेक्टरबाईंनी आईमागे उभ्या मैत्रीस, जी टोपी-हातमोज्यांसह होती, थंडी वाजते काय म्हणोन पुसले.

"ओन्ली अपस्टेअर्स," मैत्री बोलली.

वर चलावे म्हणताच टकरसाहेब म्हणाले, वरचे लोक कामावर गेले, किल्ल्या नाहीत. इतक्यात जिन्यावर पावले वाजली, आणि मोरेश्वरराव, कानटोपी घातलेले, आजारपणाची रजा टाकोन घरी राहिलेले, खाली उतरले. "मॅडम, प्लीज कम. माय होम." आणि इंग्रजीतच पुढे म्हणाले, "माझं नाव त्या कागदावर नाही, पण थंडी मलाही वाजते."

इन्स्पेक्टरबाई वर गेल्या. त्यांच्या थर्मामीटराने एकोणपन्नास दाखविले. त्यांणी जागच्या जागी हुकूम लिहिला, की चोवीस तासांत बॉयलर दुरुस्त व्हावा, आणि जागा सोडण्याचा खलिता रद्द समजावा. दुसरे दिवशी दोन प्रहरी नळ्यांतून नगारे वाजावे तैसा धडधडाट उठला. कांताकाकूंनी ओव्हरकोट उतरविला आणि सर्वांस शिरा केला. मोरेश्वररावांनी दोनदा मागोन घेतला.

फत्ते जाहली. पुढील आठवड्यात शेजारच्या इमारतीची रोसाबाई, मूळ ग्वातेमालाची, भाड्याचा करार घेऊन दारी आली. तिचे इंग्रजी तोकडे, बाईसाहेबांस स्पॅनिश शून्य. बाईसाहेबांनी खुर्ची पुढे केली, चष्मा पुसला आणि पहिले पान उघडिले. मित्ती पौष वद्य दशमी, रोझहिल, दुसरा मजला, अंश अडुसष्ट. वकील प्रणिताबाईसाहेब गजभिये कामावर रुजू जाहल्या. नोंद केली असे.