पाच देशांचं विमान आणि आईच्या पापड्या

देवव्रतने आदल्या दिवशीच आईला ठणकावून सांगितलं होतं, की आमच्या विमानाच्या नजरेतून जमिनीवरचं काही म्हणजे काही सुटत नाही! विमान बिनवैमानिकाचं होतं, टेहळणीचं. पाच देशांची लष्करं ते मिळून घेणार होती, पण चार वर्षं त्यांचं विमानाच्या रंगावरसुद्धा एकमत होत नव्हतं. उद्याच्या चाचणीत हिरव्या जाळीखाली लपवलेला एक ट्रक विमानाने शोधला, की पाच सह्या होणार आणि देवव्रतची नोकरी पक्की होणार. नाहीतर परदेशात, हॅमिल्टन शहरात नुकताच थाटलेला संसार गुंडाळायचा!

त्याची आई, म्हणजे पुण्याहून तीन महिन्यांसाठी आलेल्या कलावतीबाई. त्यांच्या लक्षात या सगळ्यातलं एकच राहिलं: उद्या आभाळ स्वच्छ असणार.

पहाटे पाचला उठून त्यांनी साबुदाणा शिजवला आणि 'ते रापा' नावाच्या उपनगरातल्या त्या घरामागच्या हिरवळीवर प्लॅस्टिक अंथरून पापड्या घातल्या. कुंपणावर साळुंक्या टपून बसल्याच होत्या. झाकायला काहीतरी हवं म्हणून बाईंनी गराज धुंडाळलं, तर मुलाने ऑफिसातून आणून ठेवलेली लष्करी जाळी सापडली. घरात पडून असलेली वस्तू वापरली नाही, तर बाईंना झोप लागत नसे.

तिकडे गावाबाहेरच्या तळावर पाच देशांचे अधिकारी मोठ्या पडद्यासमोर बसले. विमान वर गेलं आणि चौथ्याच मिनिटाला पडद्यावर लाल चौकोन उमटला. जाळी सापडली! देवव्रतचा साहेब रॉस "स्वीट ॲज", म्हणजे तिकडचं 'झकास', म्हणत खुर्चीतून अर्धा उठला. पण जाळीखाली ट्रक नव्हता. ओळीने मांडलेल्या एकशे बारा गोल वस्तू होत्या, आणि शेजारी खुर्ची टाकून, हातात काठी घेऊन बसलेला एक पहारेकरी.

"भूसुरुंग," मिशीवाले ब्रिगेडियर म्हणाले. चार वर्षांत पहिल्यांदाच पाचही देशांनी एकदम माना डोलावल्या! रॉसने पोलिसांना फोन लावायला घेतला.

देवव्रत मात्र पडद्याच्या आणखी जवळ सरकला. विमानाची नजर इतकी तेज होती, की पहारेकऱ्याने नेसलेली जांभळी साडी दिवाळीला आपणच घेतलेली, हे त्याला दिसत होतं. कोपऱ्यात जाऊन त्याने घाईघाईने घरी फोन लावला. पडद्यावरच्या पहारेकऱ्याने फोन उचलला. पाचही देशांनी आधी पडद्याकडे पाहिलं, मग कोपऱ्याकडे.

"आई, ती जाळी आधी काढ."

"का म्हणून? अजून ओल्या आहेत. साळुंक्या बघ किती जमल्यात."

"आई, माझी नोकरी जाईल गं."

फोन ठेवून बाईंनी एकदा त्या एकशे बारा पापड्यांकडे डोळे भरून पाहिलं आणि जाळी ओढली. शेवटी मुलापुढे पापड्या त्या काय!

साळुंक्यांनी झडप घातली. पडद्यावरचा आकडा उतरू लागला: एकशे बारा, नव्वद, एक्केचाळीस, सहा. पक्षी भूसुरुंग खात नाहीत, एवढं ब्रिगेडियरांनाही माहीत होतं. देवव्रतने खाली मान घालून सांगून टाकलं, "सर, ती माझी आई आहे. आणि ते खायचं आहे."

आधी ब्रिगेडियरांची मिशी थरथरली आणि सगळा तळ हसत सुटला! एवढ्या उंचीवरून चोचीगणिक हिशेब लागत असेल तर ट्रकाचं काय घेऊन बसलात, असं म्हणून पाचही देशांनी सह्या ठोकल्या. ट्रक शोधायचा राहिला तो राहिलाच.

संध्याकाळी देवव्रत छाती फुगवून घरी आला. बाईंनी त्याच्या हातावर साखर ठेवली, डोळे पुसले, आणि विचारलं, "काय रे, साळुंक्या आल्या तेव्हा विमानाला दिसल्या का?"

"एकूण एक दिसली."

"मग हाकलल्या का नाहीत त्याने?"

"आई, ते हाकलत नाही. फक्त बघतं."

बाईंनी रिकामं प्लॅस्टिक झटकलं आणि त्याची घडी घातली.

"अगंबाई! मग पाच देश चार वर्षं कशाला खपले? नुसतं बघत बसायला तू होतास की घरात."