बोलणे अपूर्ण

आमच्या किसनआबांना फोन ठेवता येत नाही. म्हणजे पलीकडच्यानं ठेवेपर्यंत हा माणूस रिसीव्हर कानाला लावून बसतो. एकदा कर्ज हवंय का विचारणाऱ्या एका मुलीचा फोन आला. समोरचा खेकसून फोन आपटतो याची तिला सवय. आबा काही आपटेनात. तिची पाठ दुखते हे कळल्यावर त्यांनी निर्गुडीच्या पाल्याचा शेक सांगितला, पाला कुठं मिळतो तेही सांगितलं, तेव्हा कुठं बिचारीची सुटका झाली.

"बोलणं संपल्याबिगर फोन ठिवू न्हाय," हे त्यांचं ब्रह्मवाक्य. आणि बोलणं संपलं की नाही हे ठरवणार पलीकडचा.

बारामतीतली आमची शाळा मोठी. एमआयडीसीत कामाला आलेल्या बिहार-उत्तर प्रदेशच्या लोकांची पुष्कळ मुलं आमच्याकडे. कुणी त्रास दिला, वाट चुकली, भीती वाटली तर मुलांना हक्कानं फोन करता यावा म्हणून शाळेनं हेल्पलाईन काढली. मराठी आणि हिंदी, दोन्ही भाषांत. नंबर प्रत्येकाच्या ओळखपत्रामागे छापला. मी हिंदीची बाई, म्हणून देखरेख माझ्या गळ्यात पडली.

फोनवर बसायला मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांनी, किसनआबांना नेमलं. माणूस पळसदेवचा, इंदापूरच्या स्टँडवर एसटीचा कंट्रोलर म्हणून निवृत्त झालेला. हिंदी येते का विचारल्यावर छातीठोकपणे "येती की" म्हणाले. पहिल्याच दिवशी मी त्यांना एका मुलाला "तुम घाबरो मत, दप्तर संभालो, और जरा दम खाव" असं सांगताना ऐकलं आणि कपाळावर हात मारला. पण मुलं घाबरायची थांबत होती, हे मला कबूल करायला हवं.

फोन वाजला की अजूनही "कंट्रोल केबिन, बोला" म्हणायचे. शेजारी जाडजूड रजिस्टर. कोण, कुठून, किती वाजता, आणि शेवटी शेरा. शेरे दोनच. बोलणे पूर्ण किंवा बोलणे अपूर्ण. अपूर्ण असेल ते दुसऱ्या दिवशीच्या पानावर पुन्हा लिहायचं, पूर्ण होईपर्यंत. न आलेली गाडी कंट्रोलरनं विसरायची नसते, म्हणे.

मधल्या सुट्टीत माझ्याकडे शब्द विचारायला यायचे. मला वाटायचं पोलीस, दवाखाना, पत्ता असलं काही विचारतील. ते विचारायचे, "बाई, रुसणं ह्याला हिंदीत काय म्हंत्यात?" मी रूठना सांगायची. एकदा विचारलं, "माजं चुकलं, हे ल्हान पोराला कळंल असं कसं म्हनायचं?" हेल्पलाईनवर हे कशाला लागतं, देव जाणे. मी चिडायची आणि सांगायची.

मोठ्या बाई मात्र खरंच वैतागल्या. लाईन सदा बिझी. शेवटी त्यांनी ठरवलं की पुढच्या महिन्यापासून मशीन बसवायचं. मराठीसाठी एक दाबा, हिंदीसाठी दोन दाबा. आबांना सांगायचं काम अर्थातच माझं. मी सांगितलं. आबा एवढंच म्हणाले, "मशीन बोलंल. ऐकंल कोन?" त्यांच्या घरी बोलायला कुणी नव्हतं, बायको कधीच गेलेली. मला फार वाईट वाटलं.

त्याच आठवड्यात पाचवीतली गुडिया शाळा सुटल्यावर चुकीच्या एसटीत बसली. जागी झाली ती मोरगावात. मराठी येईना, रडू आवरेना. एका चहावाल्यानं तिच्या ओळखपत्रावरचा नंबर लावून फोन तिच्या हातात दिला.

आबांनी एका हातानं चिठ्ठी लिहून माझ्याकडे सरकवली: "मोरगाव. बापाला धाडा." मी तिच्या वडिलांना फोन केला. ते कारखान्यातून निघाले. तासभर तरी लागणार होता, आणि तो तासभर आबांनी फोन सोडला नाही. शेळ्या किती दिसतात ते मोजायला लावलं. मग आपल्या गावची गोष्ट काढली. "हमारे गाव में ना बेटा, पानी के नीचे देऊळ है. पानी कम हुआ के वो बाहर आता है. तब तक लोग वाट देखते है." गुडिया हसायला लागली होती. मोठ्या बाई दारात येऊन उभ्या राहिल्या आणि गोष्ट ऐकून परत गेल्या.

वडील पोचले, गुडियानं फोन ठेवला. आबांनी शेरा लिहिला, बोलणे पूर्ण.

मला जोर आला. रजिस्टर मोठ्या बाईंना दाखवावं, मशीन रद्द करून घ्यावं, म्हणून ते उचललं आणि चाळायला लागले. प्रत्येक पानावर पहिली ओळ एकच होती. सुनंदा, कानपूर. बोलणे अपूर्ण. अगदी पहिल्या दिवसापासून.

"ही कुठली मुलगी आबा? आपल्या शाळेत कानपूरची सुनंदा नाही."

"माजी हाय," आबा म्हणाले.

मग त्यांनी सांगितलं. एमआयडीसीतल्या एका कानपूरच्या मुलाशी तिनं लग्न केलं आणि त्याच्याबरोबर तिकडे गेली. आबांनी बोलणं टाकलं. दोन वर्षांनी तिचा स्टँडवर फोन आला.

"म्हनली, आबा, मुलगी झाली. मी म्हनलो, गाडी लागलीया, आन् ठिवला." मग म्हणाले, "गाडी लागली नव्हती, बाई. पोरीचं नाव बी सांगू दिलं न्हाय मी."

राग उतरल्यावर त्यांनी फोन लावला, तर तिचा नंबर बंद. पत्ता माहीत नाही. आपला मोबाईल नंबर मात्र त्यांनी आजवर बदललेला नाही, कारण तो सुनंदाला पाठ आहे. नात आता गुडियाएवढी असेल. कानपुरात वाढलेली. तिला मराठी कुठून येणार?

मधल्या सुट्टीतले ते सगळे शब्द मला एकदम आठवले.

मशीन आलं नाही. मोठ्या बाईंनी दुसरी लाईन घेतली आणि तिच्यावर मला बसवलं. परवा आबांच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी दहाच्या ठोक्याला दवाखान्यातून त्यांचा फोन.

"बाई, आजचं पान उघडलं का? पैली वळ तेवढी लिवा."

"लिहिली, आबा."

"वाचा बरं."

मी वाचलं. "सुनंदा, कानपूर. बोलणे अपूर्ण."

"हां," आबा म्हणाले.

पुढं काही बोलायचं नव्हतं. ते फोन ठेवणार नव्हते, आणि त्या दिवशी मलाही तो ठेवता आला नाही.