नऊपर्यंतचं मौन

मानववंशशास्त्र शिकायचं, हे पोरीनं ठरवलं होतं. कुठे, यावर घर आठवडाभर अडलं होतं. लांबच्या कॉलेजात जागा मिळाली होती. तिथे मुलांना सहा-सहा महिने परक्या वस्तीत राहायला पाठवत. जवळचं कॉलेज दोन गल्ल्या पलीकडे. तिथे कुलूपबंद कपाटात प्लॅस्टरची एक कवटी होती, आणि प्रतीक्षायादीत पोरीचं नाव पहिलं होतं.

"माणसांचाच अभ्यास ना?" वडील म्हणाले. त्यांचं शिंप्याचं दुकान होतं. "मग माझ्याकडे बस. दिवसाला वीस माणसं मोजतो मी."

"बाबा, तुम्ही कंबरा मोजता."

"कंबरेवरून माणूस कळतो! ते काही नाही. जवळचं मिळालं, तर जवळचंच."

आईनेही मान डोलावली. "डोळ्यांसमोर राहील," एवढंच म्हणाली.

शनिवारी सकाळी पोरगी दाखल्यांच्या झेरॉक्स काढायला गेली, वडील आंघोळीला गेले, आणि आईचा फोन वाजला. अर्जावर पालक म्हणून तिचंच नाव होतं, कारण वडिलांचा फोन कायम कापडाच्या ढिगाखाली. आता आईचं रोज उठल्यापासून नऊपर्यंत मौन असे. अकरा वर्षांत ते एकदाही मोडलं नव्हतं. तिने फोन नुसता कानाला लावला.

"जवळच्या कॉलेजातून बोलतोय. एक जागा रिकामी झालीय. हो म्हणा, लगेच नाव चढवतो."

आई देवापुढच्या दिव्याकडे पाहत राहिली.

"बाई, ऐकू येतंय ना?"

"कॉलेजचा का गं?" न्हाणीघरातून वडील ओरडले. "हो म्हण! अगं, हो म्हण!"

"ते कोण ओरडतंय?" कारकुनाने विचारलं. "अर्जावर आईचं नाव आहे, त्यांनीच सांगायला हवं. शेवटचं विचारतो, बाई."

आत बादली कलंडली. डोळ्यांत साबण आणि कमरेला टॉवेल अशा अवस्थेत वडील बाहेर धडकले, तोवर जागा पुढच्या मुलाला गेली होती.

"एक अक्षर! एक अक्षर बोलली असतीस, तर देव काय कोपला असता?"

आईने देवाकडे पाहिलं. वडिलांनीही पाहिलं. मग ओशाळून त्यांनी फेसाळलेले हात जोडले आणि ते उरलेला साबण धुवायला परतले.

"जाऊ दे मग लांबच," आतून आवाज आला. "देवाच्याच मनात असेल."

लांबच्या कॉलेजाला होकार कळवायला पोरीनं आईचाच फोन घेतला. शेवटचा कॉल जवळच्या कॉलेजचा होता, सकाळी नऊ वाजून बारा मिनिटांनी आलेला.

तिने वर पाहिलं. आई तिच्या प्रवासाच्या बॅगेचा तुटलेला बंद शिवायला बसली होती. सुईत दोरा काही जात नव्हता.

"आई..."

"कॉलेज सुरू व्हायचंय अजून तुझं," आई हळूच म्हणाली. "एवढ्यात निरीक्षणं टिपू नकोस."