क्रमांक अकराची संमती

रेल्वे खात्याने ‘ल’ वर्गाच्या प्रवासी इंजिनांचा इतिहास लिहून काढला, आणि नियमाप्रमाणे छापण्याआधी तो त्या वर्गातल्या एकमेव हयात इंजिनाला, क्रमांक अकराला, वाचून दाखवून त्याची संमती घ्यायची होती. हे काम कुमुद भारंबे यांच्याकडे आलं.

कुमुदताई सावरखेड जंक्शनच्या अभिलेख शाखेत तीस वर्षं नोकरीला होत्या. इतिहासही त्यांनीच लिहिला होता. १८८४ साली विलायतेहून सुट्या भागांत आलेली बावीस इंजिनं, त्यांची माणसापेक्षा उंच चाकं, मेल गाडी ओढण्याचा त्यांचा मान, हे सगळं त्यांनी जुन्या कागदांतून शोधून काढलं होतं. फक्त सातवं प्रकरण वरून लिहून आलं. त्यात दोनच वाक्यं होती. ‘या वर्गाच्या एकाही इंजिनाला कधी अपघात झाला नाही. क्रमांक सात १९११ साली सेवेतून कमी करण्यात आलं.’

क्रमांक सातवर कुमुदताईंच्या आईचे वडील, झिपरू फिरके, फायरमन होते. हजेरीपटात त्यांच्या नावापुढे ‘विनापरवाना गैरहजर, परागंदा’ असा शेरा होता. त्या वेळी आई तीन महिन्यांची होती. आता ती सत्त्याहत्तर वर्षांची होती, आणि इतकी वर्षं तिला सगळे पळून गेलेल्या माणसाची मुलगी म्हणत आले होते. सासरी तर ते रोजच्या बोलण्यात होतं.

वाचनाच्या दिवशी सकाळी सहाला जंक्शनच्या शेडमध्ये क्रमांक अकरा पेटवलं. बोलायला वाफ लागते आणि वाफ धरायला चार-पाच तास जातात, म्हणून वाचनाची वेळ सकाळी अकरा वाजताची ठरली होती. सहायक अभियंता कारखानीस खुर्ची टाकून बसले. कुमुदताई उभ्याने वाचू लागल्या.

पहिली सहा प्रकरणं इंजिनाने शांतपणे ऐकून घेतली. एकदा चाकाच्या मापात अर्ध्या इंचाची चूक दाखवली, ती कुमुदताईंनी समासात दुरुस्त केली. सातवं प्रकरण वाचून झालं तेव्हा इंजिन म्हणालं, “हरकत आहे.”

“कसली?” कारखानीसांनी विचारलं.

“सातचा बॉयलर फुटला. इथेच, पाण्याच्या टाकीजवळ. शेजारच्या रुळावरून मी पाहिलं. ड्रायव्हर फलाटावर चहा प्यायला उतरला होता. झिपरू फिरके आत कोळसा टाकत होता.”

कुमुदताईंनी विचारलं, “मग त्यांचं काय झालं?”

“फावडं सापडलं,” इंजिन म्हणालं, आणि त्याची वाफ संपली.

कारखानीस उठून दाबमापकाजवळ गेले. चष्मा लावून त्यांनी काटा पाहिला. “काटा ऐंशीच्याही खाली आहे. साक्षीला शंभर लागतो. हे विधान नोंदवता येणार नाही.”

“कोळसा तुम्हीच कमी दिलात, साहेब.”

“कोळसा भांडार शाखा देते, बाई. पुढच्या सोमवारी पूर्ण दाबावर पुन्हा विचारू.”

त्या संध्याकाळी कुमुदताईंनी आईला सगळं सांगितलं. आईने निवडायला घेतलेले तांदूळ बाजूला सारले. मग म्हणाली, “म्हणजे कामावरच होते.”

“हो.”

“मला ऐकायचंय. त्याच्या तोंडून.”

कुमुदताईंनी दुसऱ्या दिवशी तसा अर्ज केला. नातेवाइकांना हजर राहण्याची परवानगी सोमवारनंतरच्या खेपेला देण्याचा विचार करू, असं उत्तर आलं. त्याच टपालात क्रमांक अकराच्या नावे एक पत्र होतं. इतिहास बिनहरकत मंजूर झाल्यास त्याला मुख्यालयाच्या संग्रहालयात छपराखाली जागा मिळणार होती. हरकत कायम राहिल्यास वर्ग वादग्रस्त ठरून ते भंगारात जाणार होतं. इंजिनाची पत्रं इंजिनाला वाचून दाखवणं हे कुमुदताईंचंच काम होतं. त्यांनी शेडमध्ये जाऊन ते वाचलं, कुठेही आवाज न चढवता. इंजिन थंड होतं, पण ऐकायला वाफ लागत नाही. वाचून झाल्यावर त्या थोडा वेळ त्याच्या बाजूला उभ्या राहिल्या. पावसाळ्यात गळणाऱ्या त्या शेडमध्ये इंजिनाच्या पत्र्याला गंजून भोकं पडली होती, हे त्यांना दिसत होतं.

सोमवारी काटा एकशे दहावर गेला. कारखानीसांनी तसं दोन साक्षीदारांच्या सहीने लिहून घेतलं. कुमुदताईंनी सातवं प्रकरण पुन्हा वाचलं.

“संमती आहे,” इंजिन म्हणालं. आवाज खणखणीत होता.

कारखानीस कागद गोळा करून निघून गेले. कुमुदताई थांबल्या. बॉयलरमध्ये अजून तासभर बोलण्याइतकी वाफ होती.

“आता कुणी लिहून घेत नाहीये,” त्या म्हणाल्या. “त्यांचं जे काही उरलं ते कुठे नेलं, तेवढं सांगा. आईला सांगायचंय.”

“कुणाला?” इंजिनाने विचारलं.

“झिपरू फिरके. सातवर फायरमन होते.”

“सात १९११ साली सेवेतून कमी करण्यात आलं,” इंजिन म्हणालं. मग त्याने विचारलं, “ते संग्रहालयाचं छप्पर पत्र्याचं आहे की कौलांचं?”

“पत्र्याचं,” कुमुदताई म्हणाल्या. कचेरीत परतल्यावर त्यांनी संमतीच्या नमुन्यावर तारीख घातली, सही केली, आणि तो जावक टोपलीत ठेवला.

घरी आई ओट्यावरच बसली होती. “काय म्हणालं?”

“आज वाफ धरली नाही, आई.”

“मग परत कधी पेटवणार?”

“कळवतील.”

दुसऱ्या दिवसापासून आई सकाळी लवकर आंघोळ करून, ठेवणीतलं लुगडं नेसून, दहाच्या आत तयार होऊन दाराशी बसू लागली.